गृहस्थाचा मृदंग आणि घरची रात्र

वारकरी संप्रदायात गाणारा-वाजविणारा हा बहुधा संसारी मनुष्य असतो. मठात राहून आठही प्रहर नाम घेणारा विरळा. आपल्या कर्जत-खालापूर भागात ही गोष्ट डोळ्यांना स्वच्छ दिसते. सप्ताहात ज्याच्या गळ्यात मृदंग असतो तो दिवसा कुठे असतो? कोणी खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर असतो, कोणी कर्जतहून पहाटेची लोकल धरून मुंबईस जातो, कोणी शाळेत मुलांपुढे उभा असतो, कोणी स्वतःच्या भातखाचरात. खोपोलीचे वीजघर १९१५ साली चालू झाले, भिवपुरीचे १९२२ साली; पुढे कारखाने आले. शेताच्या वेळापत्रकाशी भजनाने आधीच जुळते घेतले होते, आता त्याला भोंग्याशीही जुळते घेणे भाग पडले.

या गृहस्थाला कोणी कलावंत म्हणत नाही आणि तोही स्वतःस तसे म्हणवीत नाही. आठ मात्रांचा भजनी ठेका, अभंगाच्या शेवटी द्रुत चालणारी लग्गी, कीर्तनात बुवांनी चाल बदलली की न चुकता त्यांच्या मागे जाणे, एवढी त्याची विद्या. ती त्याने वडिलांकडून किंवा गावच्या एखाद्या म्हाताऱ्या मृदंगवाल्याकडून मांडीवर थाप मारीत घेतलेली. क्वचित एखादा आळंदीस चार वर्षे राहून, विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकून आलेला. परंतु त्याच्यावाचून गावचा हरिपाठ उभा राहत नाही. टाळ पन्नास असोत, मृदंग एकच असतो. टाळकरी एक दिवस नाही आला तर कोणास कळत नाही. मृदंगवाला नाही आला तर साऱ्या गावास कळते. प्रस्तुत पाठात आम्ही याच माणसाच्या घराचा विचार करणार आहोत. त्याच्या भक्तीचा विचार पुष्कळांनी केला, त्याच्या घराचा फारसा कोणी करीत नाही.

प्रथम त्याच्या रात्रींचा हिशेब मांडू. हा हिशेब आम्ही पुष्कळ मंडळांत तोंडी मांडून दाखविला आहे, आणि ऐकणारा दर वेळी थोडा चपापतो. वर्षाच्या एकादश्या चोवीस. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकड्याच्या पहाटा तीस. गणपतीत घरोघरचे भजन, दिवस दहा धरा. भात घरात आल्यावर माघापासून वैशाखापर्यंत या गावाचा सप्ताह, त्या गावाचा सप्ताह. जवळपासच्या चारच गावांचे धरले तरी दिवस अठ्ठावीस. कार्तिकी वद्य एकादशीस आळंदीला पायी दिंडी, जाऊन-येऊन दिवस सहा. एकंदर अठ्ठ्याण्णव. काही तिथी एकमेकींत येतात, त्या वजा करा. पण रामनवमी, हनुमानजयंती, गोकुळाष्टमी आम्ही धरलेलीच नाही, ती मिळवा. शिवाय वास्तुशांती, सत्यनारायण, आणि सांगून न येणारे, कोणाच्या दहाव्याचे वा तेराव्याचे भजन. म्हणजे वर्षाच्या दर तीन-चार रात्रींमागे एक रात्र (किंवा पहाट) हा मनुष्य घरात नाही.

आता सप्ताहाचा एकच दिवस पाहा. पहाटे चारला काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, त्यानंतर जागर. पारायण सोडले तर प्रत्येक ठिकाणी मृदंग हवा. कीर्तनकार बुवा रोज नवे येतात आणि सकाळी निघून जातात. गायक दोन-चार असतात, आळीपाळीने विसावा घेतात. मृदंगवाल्यास विसावा कोण देणार? गावकरी मोठ्या प्रेमाने म्हणतात, “बुवा, तुमच्यावाचून रंग भरत नाही.” या वाक्यात गोडवा आहे खरा, पण सातव्या दिवशी त्या बुवांचे मनगट सुजलेले असते, कारखान्यात चार खाडे पडलेले असतात आणि घरी धाकट्याचा ताप उतरलेला नसतो.

यावर लगेच कोणी म्हणेल, “अहो, संतांनी कधी संसाराकडे पाहिले काय? आपण संतांची लेकरे, आपण रात्री मोजीत बसावे?” हा प्रश्न भावनेचा आहे, आणि संतचरित्र नीट न वाचल्याचा आहे. नीट वाचावे, म्हणजे दिसते की संतांच्या घरची तक्रार संप्रदायाने लपविली नाही. उलट ती अभंगात बांधून ठेविली.

नामदेवरायांच्या घरचे पाहा. त्यांची आई गोणाई, पत्नी राजाई, मुले, सून, दासी जनाबाई अशी सारी मंडळी अभंग रचणारी. या राजाईच्या नावे जे अभंग गाथेत आहेत त्यांत ती रखुमाईपाशी जाऊन आपले गाऱ्हाणे सांगते: घरात नाही, पोरांना नाही, आणि तुमच्या देवाने आमच्या धन्यास नादी लाविले. हे ती विठोबास सांगत नाही. विठोबा त्या बाबतीत पक्षकार आहे! ती सांगते एका बाईस, जी स्वतः कोणाची तरी पत्नी आहे. राजाई अभक्त होती असे कोणी म्हणू शकेल काय? मग तिची तक्रार आपण दर कीर्तनात हसण्यावारी का नेतो?

तुकोबारायांचे घर तर सर्वांच्या माहितीचे. जिजाई, जिला लोक आवली म्हणतात, ती दुपारच्या उन्हात भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढे. कीर्तनकार मंडळी तिचा कर्कशपणा रंगवून सांगतात आणि मंडपात हशा पिकवितात. आम्हांस तो हशा कधी रुचला नाही. गाथेत काही अभंग असे आहेत की त्यांत बोलणारे तोंड पत्नीचे आहे. घरी टाळकऱ्यांची रीघ लागलेली, त्यांना आपापला कामधंदा नाही काय, असा तिचा सवाल. तो तुकोबांनीच लिहून ठेविला. ज्याने लोकांच्या ढोंगावर इतके कोरडे ओढले, त्याने आपल्या घरातील बोल गाळून टाकला नाही, यात त्यांची थोरवी आम्हांस दिसते. त्या सवालाचे उत्तर मात्र त्यांनी आपल्यावर सोपविले आहे. ते उत्तर देणे चौदा टाळकऱ्यांपैकी संताजी जगनाड्यांनाही चुकले नसावे. चाकणचा तेली, घाणा चालविणारा, प्रपंची मनुष्य. त्यांच्या हातचे अभंगलेखन आजही दाखवितात. घाणा बंद ठेवून तेल निघत नाही हे तेल्यास कोणी सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवीत होते. पत्नी पाण्यास जाताना सांगून गेली की मुलाकडे लक्ष असू द्या. मूल रांगत आले आणि काकांच्या पायांखाली तुडविले गेले. काका नामात तल्लीन, त्यांना भान नव्हते. पुढे त्यांचे हात गेले, आणि पंढरीस नामदेवरायांच्या कीर्तनात टाळी वाजविण्याच्या वेळी हात परत आले, मूलही परत आले. ही कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकली व टाळ्या वाजविल्या. परंतु घागर घेऊन परत आलेल्या बाईने अंगणात काय पाहिले, येथे क्षणभर थांबणारे कीर्तनकार आम्ही थोडे पाहिले. गोरोबांसाठी देव धावला; तो अधिकार निराळा. आमच्या-तुमच्या हातून जे तुडविले जाईल ते परत येईल अशी हमी कोणत्याच ग्रंथात दिलेली नाही. आणि तुडविणे म्हणजे दर वेळी जीवच गेला पाहिजे असे नाही. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री बाप सप्ताहात आहे आणि मुलास गणित अडले आहे, हेही एक प्रकारचे तुडविणेच होय.

याच्या उलट एक घर पैठणला होते. नाथमहाराज गृहस्थ, त्यांच्या वाड्यात रोजचे पुराण, रोजचे कीर्तन, रोजची पंगत. गिरिजाबाई त्या सर्व व्यवहाराच्या अर्ध्या धनीण होत्या; दारी आलेल्यास विन्मुख पाठवायचे नाही हा नेम दोघांचा होता, एकट्या नाथांचा नव्हता. तरीसुद्धा पुत्र हरिपंडितांचे वडिलांशी पटले नाही आणि ते काशीस निघून गेले, ही हकीकत चरित्रात आहेच. सांगावयाचे इतकेच की ज्या घरात पत्नीची संमती पुरी होती तेथेसुद्धा मुलाच्या मनात सल राहू शकला. मग जेथे विचारलेच जात नाही तेथे काय होत असेल?

तेव्हा पाठाचा मुख्य मुद्दा असा: भजनाचे बोलावणे आले म्हणजे ‘हो’ म्हणण्याचा अधिकार एकट्या मृदंगवाल्याचा नाही. पूर्वी निरोप घेऊन मनुष्य घरी यायचा. तो ओटीवर बसायचा, आतून पाणी यायचे, आतील माणसास निरोप ऐकू जायचा आणि कपाळावरची आठी निरोप्यासही दिसायची. आता खिशातला फोन वाजतो. लोकलच्या गर्दीत उभा असलेला बुवा “रामकृष्णहरी, येतो” म्हणून मोकळा होतो, आणि घरी ही गोष्ट त्याच दिवशी संध्याकाळी, मृदंगाला खोळ घालताना कळते. “अहो, आज कुठे?” “चौकला. सांगितलं नव्हतं का?” “नाही.” या ‘नाही’नंतर जी शांतता पडते ती पुष्कळ घरांच्या ओळखीची असेल. फोनवर उत्तर द्यावयाचे ते इतकेच, की घरी विचारून रात्री कळवितो. यजमान रागावत नाही. रागावला तर त्याला मृदंग हवा होता, माणूस नको होता.

सगळी बोलावणी सारख्या वजनाची नसतात, हेही ओळखावे. ज्या घरात मनुष्य गेला आहे तेथे बोलावणे येवो न येवो, गेलेच पाहिजे; तेथे घरचे माणूसही अडवीत नाही, तीच म्हणते, “जा बाई त्यांच्याकडे, पोरं उघडी पडली.” स्वतःच्या गावचा काकडा व सप्ताह हा आपला नेम, तो मोडू नये. पण कोणाच्या दुकानाचे उद्घाटन, कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस, तेथे सनई लावावी तसे भजन लावतात. पाहुणे जेवत असतात, कोणी ऐकत नसते, आणि चौकात टांगलेल्या फलकावर आपले नाव ‘मृदंगमणी’ म्हणून मोठ्या अक्षरांत असते. त्या फलकाचा मोह मोठा वाईट. मृदंगमणी, मृदंगाचार्य, तालमार्तंड. अहो, धुमेला कणीक लावता येऊ लागली नाही तोच पदवी! या तिसऱ्या प्रकारची बोलावणी काढून टाकली तर वर्षाच्या वीस-पंचवीस रात्री सहज घरी परत येतात, आणि परमार्थाचे तिळमात्र नुकसान होत नाही.

दुसरी तोड मंडळाने काढावयाची आहे. कोणत्याही मंडळात एकच मृदंगवाला असणे हा त्या मृदंगवाल्याचा मान नसून मंडळाचा आळस आहे. काही जुने वादक दुसऱ्यास तयार करीत नाहीत. हात दाखवितात, बोल सांगत नाहीत. आपल्यावाचून अडावे ही गोडी त्यांना सुटत नाही. त्याचा दंड त्यांच्याच बायकामुलांना भरावा लागतो हे त्यांच्या ध्यानात येत नाही. गावातील दोन मुलांना, आणि आता मुलीही उत्साहाने पुढे येतात, त्यांना दररोज संध्याकाळी अर्धा तास घेऊन बसावे. पहिल्या वर्षी हरिपाठ त्यांच्याकडे द्यावा. हरिपाठाची चाल ठरलेली, ठेका ठरलेला, गाव सांभाळून घेते. दुसऱ्या वर्षी काकडा. कीर्तनाची साथ शेवटी, कारण तेथे बुवांच्या मनात काय आहे हे ओळखावे लागते. अशी दोन माणसे उभी राहिली की सप्ताहाचे सात दिवस तीन मनगटांत वाटले जातात.

परतीच्या वाटेचाही विचार आधी करावा. कर्जत-खोपोली हा एकपदरी फाटा. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी लहान लहान स्टेशने, गाड्या मोजक्या. एक चुकली की तासन् तास बसा. रात्री मोटारसायकलवर, मध्ये मृदंग, पुढे झोप अनावर झालेला चालक, अशी मंडळी घाटाखालच्या रस्त्यावरून येतात तेव्हा घरातला दिवा त्या आवाजासाठी जागा असतो. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद ठेवावा असा २००० सालापासून नियम आहे. पुष्कळ ठिकाणी त्यामुळे कीर्तन आठला सुरू करून दहाला आटोपते. ज्यांना हा नियम जाचक वाटतो त्यांना वाटो. पहाटेच्या पाळीवर जाणाऱ्या मृदंगवाल्याच्या घरी मात्र तो गोड लागला असेल. आणि ज्यांना जागर करावयाचाच आहे त्यांनी कर्ण्यावाचून करावा. टाळ-मृदंगाला कर्णा कधी लागला होता?

आता पैशाची गोष्ट. ती टाळून हा पाठ पुरा होणार नाही. हरिकथेचा मोबदला मागणारा आणि मोजणारा, दोघांनाही तुकोबारायांनी एकाच मापात घातले आहे. कीर्तनाच्या ठिकाणचे जेवण व मानपानही घेऊ नये, इथवर त्यांचे म्हणणे. हे वचन कीर्तनकारास उद्देशून असले तरी साथ करणारा त्यातून सुटतो असे आम्हांस वाटत नाही. पण हेही पाहिले पाहिजे, की तुकोबांचे टाळकरी पंचक्रोशीत पायी फिरत. आजचा मृदंगवाला कशेळ्याहून खोपोलीस जातो त्याला भाडे लागते. रोजंदारीवर जाणाऱ्याचा दिवस बुडतो. मृदंगाची पुडी फाटली तर नवी चढविण्यास पैसे पडतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. गोकुळाष्टमी-गणपतीच्या दिवसांत चामडे ओल धरते, सूर उतरतो, गठ्ठे ठोकून ठोकून वाद्या ताणाव्या लागतात, आणि भाद्रपद संपता संपता एखादी पुडी जातेच. (नटबोल्टचे पखवाज निघाले आहेत, ते पावसात सोयीचे, आवाजाबद्दल आम्ही बोलत नाही.) हा सर्व खर्च मुलांच्या दुधातून व्हावा असे कोणत्या संताने सांगितले आहे?

आमचा विचार स्पष्ट आहे. भाडे आणि कातड्याचा खर्च ही बिदागी नव्हे. ती गावाने आपण होऊन द्यावी, मृदंगवाल्याने तोंडाने मागण्याची वेळ आणू नये. त्यास उत्तम वाट म्हणजे मंडळाची पेटी. यजमान जे देईल ते पेटीत पडावे, कोणाच्या खिशात नव्हे. पेटीतून भाडे, पुडी, हार्मोनियमची दुरुस्ती, आणि ज्याचा रोज बुडला त्याचा रोज. शेवटच्या गोष्टीस काही मंडळी नाके मुरडतात, “मग सेवा कसली?” म्हणतात. असे म्हणणारांना बहुधा महिन्याचा पगार असतो! रोजंदारीवाल्याने दिवस द्यावा आणि पगारवाल्याने रजा भरून घ्यावी, ही समता वाळवंटातली नाही. मात्र रात्रीचा दर ठरविणे, अमुक बुवांच्या साथीला इतके आणि तमुकांच्या साथीला तितके, हे सुरू झाले की समजावे, हरिकथेचे दुकान निघाले. ते दिवस काही ठिकाणी आलेले आहेत, आणि लहान गावांना त्यामुळे सप्ताह परवडेनासा होतो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या भागात लग्नसराईत हळदीच्या रात्री बेंजो पार्टी असते. तेथे ढोलकी वाजविणारे काही तरुण आपल्याच मंडळांतले असतात. हळदीत पैसे घेतात, सप्ताहात फुकट वाजवितात. त्यांना काही जुनी मंडळी हिणवितात. आम्ही हिणवीत नाही. हळदीचे पैसे हे कष्टाचे पैसे आहेत. त्यांनी घराचे भाडे भरले जाते, बहिणीचे लग्न होते. ज्याने पोटासाठी एक वाद्य आणि विठोबासाठी दुसरे असे सरळ वेगळे केले, त्याचा व्यवहार, फुकट म्हणून येऊन पाकिटाकडे डोळा ठेवणाऱ्यापेक्षा स्वच्छ आहे. फक्त हळदीची लय हरिपाठात येऊ देऊ नये, इतकेच मागणे. ती येते, बरं का. हात सवयीचा गुलाम असतो.

आतापर्यंत आम्ही मृदंग पुरुषाच्या गळ्यात धरून बोललो. परंतु आता गावोगाव महिलांची भजनी मंडळे आहेत, आणि त्यांची गोष्ट निराळी आहे. पुरुष भजनास निघतो तेव्हा चूल पेटलेली असते. बाई भजनास निघते तेव्हा ती आधी चूल पेटवून, भाकऱ्या थापून, सासूचे औषध देऊन, मुलांचे अंथरूण घालून निघते, आणि तरीही दारात विचारले जाते, “लवकर येशील ना?” शिऊरच्या बहिणाबाई कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनास जात, त्यासाठी त्यांना नवऱ्याचा मार खावा लागला, त्यांनी ते स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. ती सतराव्या शतकातली गोष्ट. आज मार नसेल, पण हिशेब अजून एकाच बाजूने मांडला जातो. ज्या घरचा पुरुष वर्षाला नव्वद रात्री बाहेर असतो, त्या घरच्या बाईस महिन्याच्या दोन एकादश्या तरी निश्चिंतपणे मिळाव्यात. त्या रात्री पोरांना जेवू घालणे, झोपविणे हे काम मृदंगवाल्याचे. मृदंग वाजविणाऱ्या हातांना पोर थोपटणे जड जाऊ नये. ठेका येतोच आहे.

मुलांना बरोबर न्यावे काय, असे पुष्कळ जण विचारतात. न्यावे, पण झोपेच्या वेळेपर्यंत. हरिपाठाला सात-आठ वर्षांचे पोर टाळ घेऊन उभे राहते, पावली घालते, त्याचा आनंद काही और. कीर्तनाला मात्र ते मंडपाच्या कडेस सतरंजीवर झोपी जाते आणि रात्री बाराला खांद्यावर टाकून आणावे लागते. सकाळी शाळेत पेंगते. कित्येक चांगल्या वादकांची मुले मृदंगास शिवत नाहीत, याचे कारण विचारले तर ती सांगतात, “त्याच्यापायी बाबा घरी नसायचे.” वाद्य घरात खुंटीस टांगलेले असते, आणि मुलाच्या मनात त्याच्याविषयी सवतीमत्सर. हे होऊ द्यावयाचे नसेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ मृदंग घरच्यासाठी वाजला पाहिजे. घरचीने पेटी धरावी, मुलांनी टाळ, आजीने एखादी जुनी गौळण म्हणावी. ऐकणारे कोणी नसले तरी चालते. पुष्कळांचा हात अशाच घरच्या बैठकीत बसलेला आहे.

आमच्याकडे आषाढी भातलावणीत येते. शेत सोडून वीस-पंचवीस दिवस पंढरीस पायी जाणे कोकणच्या शेतकऱ्यास जमतेच असे नाही, म्हणून कार्तिक हाच या भागाचा मोठा महिना. कार्तिकी एकादशीस साजगाव-ताकईच्या विठोबाची यात्रा भरते. तिला लोक धाकटी पंढरी म्हणतात, आणि तेथे सुक्या मासळीचा मोठा बाजार लागतो म्हणून देवास ‘बोंबल्या विठोबा’ असेही प्रेमाने म्हणतात. तुकोबा व्यापारासाठी या वाटेने कोकणात उतरले होते, अशी तेथील आख्यायिका. देवळात भजन, बाहेर बोंबील, बायका वर्षाची बेगमी बांधून घेताहेत. परमार्थ आणि प्रपंच एकमेकांस इतके खेटून दुसरीकडे क्वचितच दिसतील. या यात्रेला मृदंगवाल्याने सहकुटुंब जावे. एका दिवसात भजनही होते आणि घरचा बाजारही.

त्यानंतर आळंदीची दिंडी. कार्तिक वद्यात खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळा, लोणावळा, मावळातून देहू आणि आळंदी. घाटाच्या चढणीवर मृदंग गळ्यात घेऊन चालणे सोपे नाही. ज्या मंडळात दोन मृदंगवाले झाले आहेत त्यांनी यंदा अशी वाटणी करून पाहावी. पहिल्याने गावातून निघून घाट चढावा आणि लोणावळ्याच्या मुक्कामापर्यंत साथ करावी. दुसऱ्याने तोवर आपली पाळी व घरचे खळे उरकून, संध्याकाळी खोपोलीहून एस.टी.ने लोणावळा गाठावे, हरिपाठास उभे राहावे आणि पुढे आळंदीपर्यंत जावे. पहिल्यास पुढेही चालत राहावेसे वाटेल. माउलीच्या समाधीचा दिवस इतका जवळ आलेला असताना परत फिरणे जिवावर येते. पण त्याच्या घरी झोडणी खोळंबलेली असेल तर त्याने मृदंग दुसऱ्याच्या गळ्यात घालून, पाया पडून, रात्रीच खाली उतरावे. पुढच्या वर्षी क्रम उलटा.